भिंतीआधीचा अर्धा सेकंद

पॅरालिम्पिकच्या एस-११ गटातली शर्यत संपली की पंच पोहणाऱ्याचा गॉगल तपासतात. तो पूर्ण काळा लागतो, उजेडाची तिरीपही आत जाता कामा नये. ज्यांना दिसतच नाही त्यांच्या डोळ्यांवर वर काळा गॉगल कशाला, असा प्रश्न मला एका शर्यतीचं चित्रीकरण पाहताना पडला. उत्तर सोपं आहे. या गटात काहींना उजेड-अंधार कळतो, काहींना तेवढंही कळत नाही. मग सगळ्यांना सारखाच काळोख. एस-१२ आणि एस-१३ हे गट थोडीफार दृष्टी असलेल्यांचे. नियम मला आवडला, कारण त्यात कीव नाही. या लोकांचा सराव कसा चालतो ते पाहावंसं वाटलं.

पालिकेचा तलाव, ५० मीटरचा, पहाटेची बॅच. क्लोरीनचा वास नाकात चढतो तो दुपारपर्यंत उतरत नाही. पोहणारी पदवीधर, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी. नावं छापू नका, असं तिनं आणि तिच्या भावानं आधीच बजावलं होतं. भाऊ रिक्षा चालवतो. खाकी शर्ट कठड्याला टांगून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो तलावाच्या टोकाशी ओणवा उभा राहतो. हातात लांब प्लॅस्टिकचा पाइप, त्याच्या टोकाला टेनिसचा चेंडू पक्का बांधलेला. बहीण भिंतीजवळ आली की हा चेंडू तिच्या डोक्यावर किंवा पाठीवर टेकवायचा. या कामाला टॅपिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला टॅपर. दुसऱ्या टोकाला तिचे सर असतात.

सुरुवातीचा व्यायाम, किक, मग लांब पल्ला, हे सगळं इतर मुलांसारखंच. फरक रेषेचा. डोळस पोहणारा तळावरची काळी पट्टी बघत सरळ जातो. हिला ती पट्टी नाही, म्हणून ती बाजूच्या दोरीला अधूनमधून हात घासून अंदाज घेते. तिच्या बोटांच्या सांध्यांवर ओरखडे आहेत, काही जुने, काही त्याच दिवशीचे. उताणं पोहणाऱ्यांसाठी भिंतीच्या ५ मीटर आधी डोक्यावर पताका लावलेल्या असतात, त्याही हिच्या कामाच्या नाहीत. मग ती हात मोजते. एका लांबीला किती हात लागतात हे तिला पाठ आहे. पण दमल्यावर हात आखूड पडतात, संख्या वाढते आणि हिशेब चुकतो. त्या चुकलेल्या हिशेबावरचा एकमेव उपाय म्हणजे भावाच्या हातातला चेंडू.

‘‘अर्धा सेकंद, सर,’’ भाऊ म्हणाला. ‘‘टॅप आधी दिला तर ही भिंतीच्या अलीकडेच वळते, पाय भिंतीला पोचतच नाहीत. उशीर झाला तर डोकं आपटतं.’’

मी मनात गणित केलं. १०० मीटर ७५ सेकंदांत पोहणारी व्यक्ती अर्ध्या सेकंदात दोन फुटांहून जास्त पुढे सरकते. भाऊ तिच्या डोक्याकडे नाही, खांद्याकडे बघत असतो. कुठला हात पुढे येतोय ते हेरून पाइप खाली नेतो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम पुढे येतात, तिथे त्याचा चेहरा सगळ्यात जास्त ताणलेला दिसतो.

भीती वाटते का, असं मी तिला विचारलं. ‘‘पाण्याची नाही वाटत. भिंतीची वाटते. एकदा डोकं आपटलं की पुढे कितीतरी दिवस वेग आपोआप कमी होतो. दादा आहे हे माहीत असतं, तरी होतो.’’

साडेसातला दादा पाइप भिंतीला टेकवून शर्ट चढवतो. शाळेची मुलं वाट बघत असतात. परगावी स्पर्धा असली की तेवढ्या दिवसांचं भाडं बुडतं. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तक्रार माझी आहे.

अमेरिकेचा ब्रॅड स्नायडर नौदल अकादमीच्या पोहण्याच्या संघाचा कर्णधार होता. ७ सप्टेंबर २०११ रोजी अफगाणिस्तानात स्फोटात त्याची दृष्टी गेली. बरोबर एक वर्षानं, ७ सप्टेंबर २०१२ रोजी, लंडन पॅरालिम्पिकमध्ये त्यानं ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण ४०० मीटर म्हणजे ५० मीटरच्या आठ लांब्या, म्हणजे आठ वेळा भिंत, आणि दर वेळी काठावर कुणीतरी काठी घेऊन उभं. त्या माणसांची नावं कुणाला आठवत नाहीत. अंध धावपटूबरोबर धावणाऱ्या गाइडला पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळतं. टॅपरला मिळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण नागपूरच्या कांचनमाला पांडे यांचं. रिझर्व्ह बँकेत नोकरी, एस-११ गट. जुलै २०१७ मध्ये त्या बर्लिनच्या पॅरा जलतरण स्पर्धेला गेल्या. मंजूर झालेले सरकारी पैसे वेळेवर पोचले नाहीत आणि परक्या शहरात त्यांना उसनवारी करून दिवस काढावे लागले. तशातही त्यांनी रौप्य जिंकलं आणि जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवली. ती स्पर्धा मेक्सिको सिटीत सप्टेंबरअखेर व्हायची होती, भूकंपामुळे डिसेंबरवर गेली. तिथे २०० मीटर वैयक्तिक मेडलीत कांचनमाला यांनी सुवर्ण मिळवलं. मेडली म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, प्रत्येकी ५० मीटर. चार प्रकार आणि चार भिंती. प्रत्येक प्रकारात हात वेगळे चालतात, म्हणजे टॅपची वेळही प्रत्येक भिंतीला वेगळी साधावी लागते.

अशा यशाबद्दल ‘अंधारावर मात’ असा मथळा हमखास येतो. मला तो आता खोटा वाटतो. अंधार या खेळात सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे, नियमानंच. सारखी वाटलेली नाहीत ती काठावरची माणसं. कुणाला पगारी, शर्यतीआधी आठवडाभर सोबत राहून सराव करून घेणारे टॅपर मिळतात. कुणाला शाळेच्या फेऱ्यांआधीचा तासभर देणारा भाऊ. अर्धा सेकंद चुकू न देणं ही ओळखीतून, रोजच्या सरावातून येणारी गोष्ट आहे. स्पर्धेच्या ठिकाणी ऐनवेळी कुणाच्या तरी हातात काठी देऊन ती येत नाही.

तेव्हा खेळाडूची निवड ज्या दिवशी जाहीर होते, त्याच दिवशी तीन तिकिटं निघाली पाहिजेत, एक पोहणारीचं आणि दोन तिच्या टॅपरची. त्यांचा बुडणारा रोजगारही त्याच खर्चात धरला पाहिजे. हे जमत नसेल, तर पदक आल्यावर सत्काराची शाल घेऊन विमानतळावर जाऊ नये.