पाऊल न भिजता

बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यात होडी दिसते ती उल्हास नदी कोपली म्हणजेच. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील उतारूंना होड्यांतून सुखरूप काढल्याची वार्ता घरोघर पोहोचली, आणि जिचे माहेर हर्णैचे त्या माझ्या आईच्या तोंडी आगबोटीच्या गोष्टी पुन्हा येऊ लागल्या. म्हणूनच यंदा मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या पर्यटन जहाजाची तिकिटे काढताना, नातवंडांची करमणूक ही जरी बाह्य सबब होती तरी, तिला एकदा समुद्रवाटेने न्यावे हाच माझा खरा हेतू होता.

मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागत असता आम्ही कठड्याशी उभे होतो. एवढे अजस्र धूड बांधण्याच्या कामाचा आरंभ मात्र करंगळीएवढ्या दोरीने होतो. खलाशाने तिच्या टोकाची जड गाठ दोनदा झुलवून धक्क्यावर फेकली. तिथल्या माणसांनी ती ओढीत ओढीत तिच्यामागे बांधलेला मांडीएवढा दोर पाण्यातून वर काढला आणि त्याचा फास लोखंडी खुंट्यात अडकवला. असे दोर पुढून, मागून आणि तिरपे लागल्यावर प्रत्येकावर उंदरांना अटकाव करणारी गोल तबकडी बसवण्यात आली, आणि त्यानंतरच शिडी उतरली. शिडीच्या खालच्या टोकाला चाके होती. भरतीने जहाज जसजसे उचलले जाई तसतशी ती चाके धक्क्यावर बोटभर सरकत, आणि तिथे उभा असलेला खलाशी दर खेपेस वाकून पायरी नीट टेकली आहे की नाही हे पाही.

याच खलाशाने आईचा हात धरून तिला उतरवले. जमिनीवर उभी राहून तिने आपल्या पावलांकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, पाऊलसुद्धा भिजलं नाही!" तिच्या लहानपणी आगबोट हर्णैच्या किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राही, हेलकावणाऱ्या पडावात उतरावे लागे आणि अखेरचे कमरभर पाणी खलाशाच्या खांद्यावर बसून ओलांडावे लागे. सामान, कोंबड्या, बाळंतिणी, सगळ्यांची वाट तीच.

मिळालेला अवकाश सायंकाळपर्यंतचा होता. कुठ्ठाळीवरून जुवारीचा पूल ओलांडून आम्ही मंगेशीला गेलो. पोर्तुगीज अमलातील छळामुळे १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग याच कुठ्ठाळीहून, त्या अमलाबाहेरच्या प्रियोळात नेण्यात आले, ही हकीकत मी आईला दीपमाळेपाशी सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे देवसुद्धा पडावानंच गेला असेल की रे." देवस्थानाविषयी मी जे वाचले होते त्या सर्वांहून मला हे तिचे वाक्य अधिक जवळचे वाटले.

परतताना शिडीच्या तोंडाशी प्रत्येकाचे कार्ड यंत्रासमोर धरले जाई, पडद्यावर त्याचे छायाचित्र उमटे, आणि उतरलेल्यांच्या हिशेबातून एक नाव कमी होई. ही शिरगणती अनेकांना कटकटीची वाटली. मला ती जहाजावरील सर्वांत आदरणीय कामगिरी वाटते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. किनाऱ्यावरच्या घरांतून तो दिवस अजून विसरला गेलेला नाही.

जहाज सुटण्याची वेळ जवळ आली तरी दोन उतारू आले नव्हते. मुले जेवायला गेली, आई मात्र कठड्यापासून हलेना. अखेर एक मोटार धक्क्यावर थांबली, तीतून उतरलेले वृद्ध जोडपे लगबगीने शिडीकडे आले, आणि सकाळच्याच त्या खलाशाने वाकून पायरी पाहिली व म्हातारीच्या कोपराला आधार दिला.

"आले सगळे?" आईने विचारले. मी होय म्हटले. तेव्हा कुठे ती खुर्चीवर टेकली. खाली खुंट्यांवरचे फास सुटत होते.