झाकण लावा आणि फोटो काढा!

एप्रिल-मे म्हणजे आकाशगंगेचा सीझन. मध्यरात्रीनंतर आग्नेयेकडून तिचा सगळ्यात झगझगीत भाग वर येतो, आणि कुणाचा तरी डीएसएलआर उसना मिळतोच. पण घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडला की कोपऱ्यात जांभळट धग, मध्येच हिरवट ठिपका, नाहीतर उजळ पट्टा! मग ‘कॅमेरा गेला’ म्हणत दुकान गाठायचं, किंवा तासभर एडिटिंगमध्ये पुसत बसायचं. त्याआधी १० मिनिटांची एक तपासणी करा. फुकटात होते.

खोलीत पूर्ण अंधार करा, लेन्सला झाकण लावा आणि रात्रीचीच सेटिंग ठेवून फोटो काढा. तेवढेच सेकंद, तोच आयएसओ. फोटो काळाकुट्ट दिसेल, पण एडिटिंगमध्ये ब्राइटनेस पार वर न्या. तीच धग इथंही दिसली, तर तो प्रकाश बाहेरून आलेलाच नाही. सेन्सरजवळचं इलेक्ट्रॉनिक सर्किट तापतं आणि त्याची चमक कोपऱ्यात उमटते. याला ‘अँप ग्लो’ म्हणतात. शिवाय सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की त्याचा स्वतःचा गोंगाट दुप्पट होतो. आपल्या विदर्भात आकाशगंगेचा सीझन नेमका उन्हाळ्यात, म्हणजे बघा! उपाय सोपा आहे. शूट संपलं की तिथंच, त्याच गरम हवेत, झाकण लावून १५-२० फोटो काढा. यांना ‘डार्क फ्रेम’ म्हणतात. स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर हा नकोसा भाग मूळ फोटोतून वजा करतं. दुसऱ्या दिवशी कूलरसमोर बसून काढलेल्या डार्क फ्रेम कामाच्या नाहीत, तापमान जुळत नाही.

झाकणाचा फोटो स्वच्छ आला? मग झाकण तसंच ठेवून पुन्हा एक्स्पोजर सुरू करा आणि कॅमेऱ्याभोवती टॉर्च फिरवा. आता पट्टा आला, तर फटीतून प्रकाश शिरतोय. डीएसएलआरमध्ये पहिला संशय व्ह्यूफाइंडरवर. काळी चिकटपट्टी लावली की झालं.

इथंही काही सापडलं नाही, तर गडबड लेन्समध्ये किंवा आकाशात. पुढचा यूव्ही फिल्टर काढून बघा. हिरवट ठिपका बहुतेक वेळा कुठल्या तरी दिव्याचं प्रतिबिंब असतो आणि फोटोच्या मध्यापासून दिव्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडतो. कॅमेरा थोडा हलवला की तोही सरकतो. यात लाजण्यासारखं काही नाही. जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंतही चौकटीबाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश शिरून नख्यांसारखे ओरखडे उमटतात, शास्त्रज्ञ त्यांना ‘क्लॉज’ म्हणतात.

क्षितिजालगतचा नारिंगी उजेड मात्र कॅमेऱ्याचा नाही, गावाचा. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले गेले. आपल्याकडे तोवर जागा बदलणं हाच मार्ग. आकाशगंगा दक्षिणेकडे दिसते, म्हणून वाशिमच्या उत्तरेला उभं राहिलात तर शहराचा सगळा उजेड फ्रेममध्ये येतो. हिंगोलीच्या दिशेला निघा, म्हणजे वाशिम पाठीमागे राहतं. आणि निघताना चिकटपट्टी घ्या.