सूत कोणाचे, कामगार कोणाचा?

बऱ्हाणपुरातील शनवारा वेस ओलांडून जुन्या शहराच्या मोहल्ल्यांत शिरले, की यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. इचलकरंजीच्या किंवा वडगाव-खासबागेच्या माणसाला त्यात नवल वाटायचे नाही. माग म्हणा नाहीतर मग्ग, धंद्याची रीत तीच. व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर कापड विणून देतो. इचलकरंजीत अशा मागवाल्याला ‘खर्चीवाला’ म्हणतात. कापडात दोष निघाला की मजुरी कापली जाते. पण मागावर उभा राहणारा कामगार आणि कांड्या भरणारी बाई यांचा मालक कोण, असे विचारले की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

हा प्रश्न आता आपल्या घरातल्या मुलामुलींपुढेही येतो. बेळगावच्या राजा लखमगौडा कॉलेजात कायदा शिकून काही जण कंपनीत कायदा अधिकारी होतात. (पूर्णवेळ पगारी नोकराला बार कौन्सिलच्या नियमाने वकिली करता येत नाही, म्हणून काळा कोट कपाटातच राहतो.) कापडाच्या कंपनीत त्यांच्या टेबलावर ‘जॉबवर्क’चा करार येणारच. साहेबांची अपेक्षा एकच : ही माणसे आमची नव्हेत, असे पक्के लिहून द्या.

तसे लिहून भागते का? याचे उत्तर मागाने नव्हे, बिडीने दिले आहे. निपाणीकरांना ते कळायला वेळ लागणार नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यात नगावर बिड्या वळणाऱ्यांना कामगार मानले, रजेचा पगारही मान्य केला. लगोलग सिन्नरच्या खटल्यात निकाल उलटा लागला. हा माणूस हवे तेव्हा येतो-जातो, त्याच्यावर देखरेख नाही, म्हणून तो कारखाना कायद्याखालचा कामगार नव्हे! काम तेच, विडीचे पान तेच, आणि एकाला रजा, दुसऱ्याला नाही.

हा घोळ निस्तरायला १९६६चा बिडी व सिगार कामगार कायदा झाला. मध्ये ठेकेदार असला, तरी ज्याच्यासाठी बिडी वळली जाते तो ‘मुख्य मालक’ जबाबदार ठरला. कारखानदार कोर्टात गेले. मंगळूर गणेश बिडीच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे १९८५ साली भविष्य निर्वाह निधीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. घरी बसून वळलेली बिडी नापास करण्याचा हक्क कारखानदाराकडे आहे ना? मग तेवढे नियंत्रण पुरे, ती बाई त्याचीच कामगार.

मागासाठी असा वेगळा कायदा नाही. स्वतःचे सूत घेऊन हवे त्याला कापड विकणारा मागवाला व्यापारीच. पण सूत दुसऱ्याचे, दर दुसऱ्याचा आणि नापास करणाराही तोच असेल, तर करारावरच्या ‘जॉबवर्क’ या शब्दाचा फार आधार घेऊ नये, असे मला वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९६६चा कायदा त्यांत विलीन झाला. कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती मुख्य मालकाला द्यावी लागते. मात्र विजेवर चालणारा कारखाना ठरायला पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात १० कामगार लागत, आता २० लागतात. लहान माग-शेडची माणसे इथेच निसटतात.

नोकरीतल्या वकिलाने आणखी एक ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशिलाची गुपिते राखण्याचे जे पूर्ण संरक्षण बाहेरच्या वकिलाला मिळते, ते कंपनीच्या पगारी वकिलाला नाही. तेव्हा करारावर सही घेण्याआधी दिवाणजीची वही मागवून बघावी. कोणाची मजुरी कोणी, कशापायी कापली, ते तिथे लिहिलेले असते.