तिथीची पाऊणपट

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेस दृष्टी टाकली, की समोर पाण्यात ठाण मांडून बसलेला कुलाब्याचा किल्ला दिसतो. दिवसातून दोन वेळा समुद्र मागे हटतो व किल्ल्यापर्यंतची वाट मोकळी करून देतो. दोन वेळा तो परत येऊन ती वाट पुसून टाकतो. एवढी गोष्ट अलिबागेतील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. ती मलाही ठाऊक होती. तरीसुद्धा 1986 साली चौदा विद्यार्थ्यांसह मी त्या किल्ल्यात एक अख्खी रात्र अडकून पडलो. तो प्रसंग, आणि त्यामागील भरती-ओहोटीचा हिशेब, आज आपणांपुढे मांडावयाचे योजिले आहे.

मी त्या वेळी सव्वीस वर्षांचा, नवा शिक्षक. आदल्या वर्षी अशीच सहल नेली होती. तेव्हा अकराच्या सुमारास गुडघाभर पाण्यातून किल्ल्यात गेलो आणि दीड वाजता तसेच परत आलो. ती वेळ मी वहीत टिपून ठेवली. पुढल्या वर्षी त्याच वहीवर विसंबून, त्याच घटकेस, मुलांना घेऊन निघालो. या खेपेस पाणी जेमतेम घोट्याएवढे होते, तेव्हा मला अधिकच हुरूप आला. वेळ टिपली होती, पण तिथी टिपली नव्हती. सारा घोटाळा तेथेच झाला.

आमच्या कोकणात एक जुना अडाखा आहे. पंधरवड्यातील जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी; येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बारा वाजता, दुपारी तसेच रात्री. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठावयास सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. अडाख्यात दर तिथीस पाऊण तास धरतात, तो याच पन्नास मिनिटांचा ढोबळ हिशेब होय. आमच्या या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर येतो त्या सुमारास भरती, आणि तो उगवताना वा मावळताना ओहोटी, असे साधारणतः घडते. दुसऱ्या किनाऱ्यांवर हा मेळ निराळा असतो, म्हणून हा अडाखा घेऊन कोणी मद्रासेस जाऊ नये.

आता माझी चूक पाहा. आदल्या वर्षीची तिथी अष्टमी होती, हे मागाहून पंचांग चाळून कळले. अष्टमीस भरती सहाला, म्हणजे ओहोटी सव्वाबाराला. अष्टमीच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ परस्परांस काटकोनात पडते व समुद्र फारसा हटतही नाही, भरतही नाही. यास भांगाचे पाणी म्हणतात. म्हणून तेव्हा पाणी गुडघाभर होते. दुसऱ्या वर्षी होती मार्गशीर्ष वद्य षष्ठी. भरती साडेचारला, ओहोटी पावणेअकराला. घोट्याएवढे पाणी पाहून मी खूष झालो, त्याच वेळी समुद्र परत फिरला होता.

किल्ल्यात पाहण्यासारखे पुष्कळ. शिवछत्रपतींनी 1680 साली त्याचे काम हाती घेतले, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाचे प्रचंड दगड चुन्यावाचून नुसते एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते व तिचा जोर तेथेच मोडतो. राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. शिदोऱ्या सुटल्या, मी इतिहास सांगत बसलो आणि दीड वाजता दरवाजाशी आलो, तो वाट नाहीशी झालेली.

ओहोटीनंतर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास माणसास फसवितो, तिसरा घेरतो. आम्ही तिसऱ्या तासात होतो. दुपारचा वारा सुटलेला, होडी कोठे दिसेना. मोबाइल तेव्हा नव्हते.

संध्याकाळी दहा वर्षांच्या एका मुलास ताप भरला. देवळाच्या ओवरीत त्याला निजविले, माझे उपरणे पुष्करणीत भिजवून कपाळावर ठेवले. उरलेल्या भाकरीचे पंधरा वाटे केले. रात्री अकराच्या सुमारास पुन्हा ओहोटी झाली. पलीकडे किनाऱ्यावर कंदील हलताना दिसत होते. मुलांचे आईबाप आले असावेत. मोठी मुले म्हणू लागली, "गुरुजी, आता चला, वाट मोकळी आहे." तापकऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन मी दरवाजापर्यंत गेलोदेखील. तेथे किल्ल्यातील एक वृद्ध गृहस्थ आडवे आले. "मास्तर, चंद्र आत्ता कोठे उगवतो आहे. खडक कोणता, खळगा कोणता, दिसेल तुम्हांला? तुम्ही एकटे असता तर अडवले नसते." मी एक पाऊल खाली टाकून पाहिले. सकाळी जेथे घट्ट वाळू होती तेथे पाय पोटरीपर्यंत रुतला. परत फिरलो. ती रात्र मी मुलाच्या नाडीवर बोट ठेवून काढली. पहाटे त्याला घाम आला व ताप उतरला.

सकाळी सातला, पाणी पुरेसे असतानाच, एका विद्यार्थ्याचा मामा होडी घेऊन आला. जातीचा कोळी. त्याने मुलांना एकेक करून आत घेतले, चौदा मोजले, मला शेवटी बसविले. माझी क्षमायाचना त्याने ऐकून घेतली की नाही, नकळे. वल्हे मारता मारता निम्म्या वाटेवर त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, काल तिथी कोणची होती?"

मला सांगता आली नाही.