प्रत्यंचा

धनुष्याची दोन टोके जोडणारी ताणलेली दोरी. संस्कृतात तिला ज्या, जीवा, गुण, मौर्वी, शिंजिनी इ. नावे आहेत. वर्तुळाच्या कंसाला चाप आणि त्याची टोके जोडणाऱ्या रेषेला ज्या वा जीवा म्हणण्याची भारतीय गणितातील प्रथा या दोरीवरूनच पडली असून शालेय भूमितीत ‘जीवा’ हा शब्द अद्याप रूढ आहे.

धनुष्य ओढले असता ऊर्जा दांड्यात साठते. ती बाणापर्यंत पोहोचविण्याचे काम प्रत्यंचेचे. त्यासाठी दोरी बळकट, हलकी आणि कमीत कमी ताणली जाणारी असावी लागते. या तीन गुणांचा मेळ घालणे अवघड असते. दोरी जाड केली, तर बळ वाढते, पण वजनही वाढते. दोरीच्या वजनापैकी सु. एक तृतीयांश वजन बाणालाच जोडलेले आहे असे धरून हिशेब केल्यास बाणाचा वेग प्रत्यक्षाशी बराच जुळतो. म्हणजे जाड दोरी हे बाणावरचे ओझेच ठरते. दोरीवरील सर्वांत मोठा ताण धनुष्य पूर्ण ओढलेले असताना येत नाही, तर बाण सुटून दांड्याचे बाहू एकाएकी थांबतात त्या क्षणी येतो. म्हणून धनुष्य ओढण्यास जितके बल लागते त्याच्या किमान चौपट बल सहन करील अशी दोरी वळण्याचा संकेत आहे. समजा, धनुष्य ओढण्यास २० किग्रॅ. बल लागते आणि हाती असलेला एकेक धागा २·५ किग्रॅ. भाराला तुटतो, तर दोरीत किमान ३२ धागे हवेत. दोरी तुटल्यास बाहूंना अडविणारे काही उरत नाही व पुष्कळदा दांडाही तडकतो. तुटलेले टोक धनुर्धराच्या तोंडावर वा हातावर बसते, ते वेगळेच. दोरी न तुटताही तिचा फटका डाव्या हाताला बसतो. त्यापासून रक्षण करणाऱ्या हस्तघ्न नावाच्या आवरणाचा उल्लेख ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील शस्त्रविषयक सूक्तात (६·७५) आला आहे.

प्राचीन द्रव्ये : कौटिलीय अर्थशास्त्रात प्रत्यंचेसाठी मूर्वा, अर्क (रुई), शण (ताग), गवेधु, वेणू (बांबू) व स्नायू अशी सहा द्रव्ये सांगितली आहेत. मौर्वी हे नाव मूर्वेवरून आले. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेच्या ज्येची असावी, असे म्हटले आहे. परंतु मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याबद्दल मतभेद आहेत. मोरवेल आणि सॅन्सिव्हिएरिया रॉक्सबर्घियाना या एकमेकींशी काहीही साम्य नसलेल्या वनस्पतींना निरनिराळ्या प्रांतांत हे नाव दिले जाते. दोरीच्या दृष्टीने पाहिल्यास दुसरीचा दावा अधिक सबळ वाटतो. तिच्या लांब, मांसल पानांचा गर खरवडून धुतला असता पांढरे, लवचिक व बळकट तंतू मिळतात.

धनुर्वेदविषयक उत्तरकालीन संस्कृत ग्रंथांत व चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत प्रत्यंचेची कृती अधिक तपशिलाने येते. त्यांनुसार उत्तम गुण रेशमाचा; तो करंगळीएवढा जाड, तीन पदरी आणि मध्ये कोठेही सांधा नसलेला असावा. रेशीम न मिळाल्यास हरिणीचा, गाईचा अथवा म्हशीचा स्नायू किंवा नुकत्याच मारलेल्या बोकडाची तात घ्यावी. पक्व बांबूची साल रेशमी धाग्याने बांधून केलेली दोरीही युद्धात टिकते आणि रुईची साल भाद्रपदात काढलेली चांगली, असेही त्यांत म्हटले आहे. हा शेवटचा तपशील निव्वळ शास्त्राज्ञा म्हणून सोडून देऊ नये. पावसाच्या अखेरीस फांद्या रसाने भरलेल्या असतात आणि साल खोडापासून सहज सुटते. हे हाताने काम करणाऱ्याचेच निरीक्षण दिसते. बांबूच्या सालीची परंपरा तर पुस्तकाबाहेरही राहिली. सातपुड्याच्या परिसरातील भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच चिवट सालीची पातळ पट्टी दोरी म्हणून लावीत.

वनस्पतिज दोरी : रुईच्या सरळ फांद्या कापून एक दिवस सुकवितात, हलके ठोकून साल सोडवितात व आतील रेशमासारखे तंतू बोटांनी ओढून काढतात. तागाप्रमाणे त्या पाण्यात कुजवीत नाहीत, कारण त्यामुळे तंतूंची ताकद जाते. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने हे काम जपून करावे लागते. तंतूंचे दोन वा तीन पदर प्रथम एका दिशेने पिळून नंतर एकमेकांभोवती उलट दिशेने वळतात. दोन्ही पीळ परस्परांना धरून ठेवतात व दोरी आपोआप उकलत नाही. पिळामुळे भार सर्व तंतूंवर वाटला जातो, मात्र तो अति झाल्यास दोरी ताणू लागते आणि दुबळी होते. नवख्याची दोरी बहुधा येथेच फसते. टोकांना धनुष्याच्या खाचेत (अटनीत) बसणारे फासे करतात, मधल्या भागावर बाणाच्या घर्षणापासून बचावासाठी वेगळा धागा घट्ट गुंडाळतात आणि सर्व दोरीला मेण चोळतात. जपानात तागासारख्या हेंपच्या दोरीला पाइनची राळ तेलात शिजवून लावतात.

प्राणिज दोरी : ग्रंथांतील ‘स्नायू’ म्हणजे आजच्या परिभाषेतील कंडरा. पाठीच्या कण्यालगतच्या व पायाच्या कंडरा वाळवून लाकडी हातोड्याने ठेचतात आणि धाग्यांत विभागतात. धागे आखूड असल्याने ते ओले करून वळताना सांधे एकाच जागी येणार नाहीत, अशा बेताने नवे धागे मिसळावे लागतात. ओलाव्याने सुटणारे नैसर्गिक सरस त्यांना चिकटवून धरते. चामड्याच्या दोरीसाठी कमावलेले कातडे चालत नाही, कारण ते ताणते; केस काढलेले कच्चे कातडेच लागते. त्याचा वाटोळा तुकडा कडेपासून आत चक्राकार कापीत गेल्यास सांध्याशिवाय लांब वादी निघते. ती भिजवून पिळतात व वजन टांगून सावलीत वाळवितात. तात ही मेंढी-बोकडाच्या आतड्याची. कापूस पिंजण्याच्या धनुकलीमुळे व तंतुवाद्यांमुळे ती महाराष्ट्रात परिचित आहे. या सर्व दोऱ्यांचा मोठा दोष म्हणजे ओल. भिजताच त्या सैल पडतात. याउलट ताग व जवस यांचे तंतू ओले असताना अधिक बळकट असतात. तुर्कांनी मुख्य दोरी रेशमाची आणि टोकांचे फासे तातेचे वा कंडरेचे अशी जोड दोरी वापरली.

यूरोपात ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील हिमनदीत १९९१ मध्ये सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या भात्यातील दोरी कंडरेची तीन पदरी प्रत्यंचा असल्याचे पुढे दिसून आले. स्पेनमधील आल्बुन्योल येथील गुहेतील कंडरेच्या प्रत्यंचा त्याहूनही जुन्या असून त्यांचे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर आणि नंतर अतिबळकट पॉलिएथिलिनाच्या धाग्यांनी क्रीडा-धनुर्विद्येतून नैसर्गिक दोरी हद्दपार केली. हे नवे धागे जवळजवळ ताणलेच जात नसल्याने जुन्या पद्धतीच्या लाकडी धनुष्याच्या अटनीला ते बाधतात. हरिणाची कंडरा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वापरता येत नाही. त्यामुळे जुनी धनुष्ये घडवून पाहणाऱ्यास आज रुई, ताग, रेशीम व पाळीव जनावरांचे कातडे यांवरच अवलंबून राहावे लागते.