एक मिलिमीटर भूर्ज

डब्लिनमधल्या त्या घरी ड्रेसिंग म्हटलं की अख्खी सकाळ जाते. आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावरची जुनी पट्टी सोडवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. ओढायची नाही. कोमट पाण्याने भिजवायची, वाट बघायची, मग कडेकडेने उचलायची. नवे फोड निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र तशीच ठेवायची; जखमेचं ते फुकटचं झाकण. मध्ये कधी थांबायचं, हे तो ठरवतो. त्याने हात वर केला की नर्स असूनही माझं काही चालत नाही.

आजाराचं नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. सगळे 'ईबी'च म्हणतात. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारं प्रथिन जन्मतःच सदोष असतं. अस्तर कच्च्या दोऱ्याने शिवलेलं असावं तसं. शर्टाची शिवण घासली तरी कातडी सुटते. आयर्लंडमध्ये असे सुमारे 300 जण आहेत. 2024च्या डब्लिन मॅरेथॉनमध्ये अभिनेता कॉलिन फॅरेलने शेवटचे चार किलोमीटर एमा फोगर्टीची व्हीलचेअर ढकलली, ती याच आजाराशी झगडणारी.

जखमा धुऊन झाल्या की ट्यूब उघडते. जेल फिकट पिवळसर, किंचित दुधी. आत दोनच गोष्टी: नव्वद टक्के सूर्यफूल तेल आणि दहा टक्के बर्चच्या सालीचा कोरडा अर्क. घट्टपणासाठी वेगळं काहीच घातलेलं नाही, सालीतली द्रव्यंच तेलाला धरून ठेवतात. त्यातलं मुख्य बेट्युलिन. बर्चची साल पांढरी दिसते ती त्याच्यामुळे. बर्च म्हणजे आपला भूर्ज, दोन्ही शब्दांचं मूळही एकच. भूर्जपत्रांवरच्या पोथ्या आठवा, झाड त्याच कुळातलं.

हे माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग आपली कोरफड काय वाईट होती गं?"

कोरफडीशी माझं भांडण नाही. पण कुंडीतलं पान कापून उघड्या जखमेवर लावायचं म्हणजे जंतूंना आवतण. हे जेल परीक्षा देऊन आलंय. मूळ जर्मनीतलं, पुढे डब्लिनच्या अ‍ॅम्रिट कंपनीने 223 रुग्णांवरची चाचणी पूर्ण केली. 45 दिवसांत ठरवलेली जखम पूर्ण मिटली ती 41.3 टक्के जणांची; सालीचा अर्क नसलेलं जेल लावलेल्यांत हाच आकडा 28.9. म्हणजे शंभरात बाराएक जास्त. युरोपची मान्यता जून 2022मध्ये मिळाली, अमेरिकेची डिसेंबर 2023मध्ये. म्हणजे शंभरात बाराएक जास्त. आजार जनुकातला, तो जात नाही. बाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल. ज्या घरात रोज पट्ट्या भिजवतात, तिथे एक जखम कमी म्हणजे एक किंकाळी कमी.

थर एक मिलिमीटरचा. चोळायचं अजिबात नाही. मी हातमोजा घालून जेल आधी न चिकटणाऱ्या पट्टीवर पसरते, भाकरीवर लोणी लावावं तसं, आणि मग पट्टी अलगद जखमेवर टेकवते. तो डोळे घट्ट मिटून घेतो. पट्टी बसली की एक डोळा उघडून विचारतो, "झालं?" अजून डावी पोटरी बाकी असते.

ट्यूब 23.4 ग्रॅमची, निर्जंतुक, एकदाच वापरायची. पोटरी झाल्यावर आत उरलेलं जेल मी कचऱ्यात टाकलं.