जालजोडणी, प्रारंभिक

संगणक, मुद्रक, कॅमेरा यांसारखे एखादे उपकरण संगणक जालात प्रथमच दाखल होताना त्याला पत्ता व इतर आवश्यक माहिती ज्या क्रियांनी मिळते, त्यांना प्रारंभिक जालजोडणी म्हणतात.

उपकरणाला दोन पत्ते लागतात. ४८ द्विमान अंकांचा मॅक पत्ता सामान्यतः कारखान्यातच दिलेला असतो. दुसरा आयपी पत्ता होय. १९८१ मध्ये प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीत तो ३२ अंकांचा आहे. तो त्या त्या जालानुसार ठरत असल्याने आधी देता येत नाही. यातून एक पेच उद्‌भवतो : पत्ता मागावयाचा तर तो कोणाकडे हे उपकरणास ठाऊक नसते आणि उत्तर स्वीकारण्यास त्याला स्वतःचा पत्ताही नसतो.

पूर्वी हे पत्ते हाताने भरीत. एकच पत्ता चुकून दोघांना दिल्यास दळणवळण विस्कळीत होई. यावर १९८५ मध्ये ‘बूटपी’ व १९९३ मध्ये तिच्यावर आधारलेली ‘डीएचसीपी’ ही नियमावली पुढे आली. डीएचसीपीचे १९९७ मधील सुधारित रूप रूढ आहे.

कार्यपद्धती : नवे उपकरण प्रेषकाच्या जागी ०.०.०.० लिहून, २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर म्हणजे सर्वांना उद्देशून, पुकारा करते. त्यात त्याचा मॅक पत्ता असतो. पत्ते वाटणारा सर्व्हर (घरात बहुधा राउटरच) एक पत्ता देऊ करतो. उपकरण त्याची रीतसर मागणी करते व सर्व्हर मान्यता देतो. मागणीही सर्वांना ऐकू जाईल अशीच केली जाते. त्यामुळे इतर सर्व्हरांना आपला देकार नाकारला गेल्याचे कळते. पत्ता भाडेपट्ट्याप्रमाणे ठराविक मुदतीसाठी असतो. निम्मी मुदत उलटताच उपकरण नूतनीकरण मागते. सर्व्हर न आढळल्यास अनेक उपकरणे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. असा पत्ता दिसल्यास दोष बाहेरील इंटरनेटमध्ये नसून पत्ता मिळण्याच्या टप्प्यातच आहे, असे समजावे.

सुरक्षितता : उत्तर देणारा सर्व्हर खरा आहे की नाही, हे या पद्धतीत सामान्यतः तपासले जात नाही, हा तिचा मूलभूत दोष होय. सुलभतेसाठी केलेल्या इतर योजनांतही असेच धोके आढळले. वाय-फाय जोडणीसाठी २००६ मध्ये आलेल्या एका पद्धतीत आठ अंकी संकेतांक वापरीत. त्यातील शेवटचा अंक पडताळ्याचा असल्याने एक कोटी शक्यता उरत. परंतु संकेतांकाचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासले जात असल्याने तो जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत शोधता येतो, हे २०११ मध्ये उघड झाले. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने निर्मात्यांनी दिलेले मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २०२४ पासून ब्रिटनमध्ये घरगुती जोडणीक्षम उपकरणांना सर्वत्र समान पासवर्ड देण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून मूळ पासवर्ड बदलल्याखेरीज प्रारंभिक जोडणी पूर्ण झाली, असे मानू नये.